बांधावरची मोजणी : पाणपक्षी प्रकल्पाच्या नोंदी, ऑक्टोबर-नोव्हेंबर

जागा : निफाड तालुक्यातला एक लघुपाटबंधारे तलाव. नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. बदकं कुठे बसतात हे फासेवाल्यांना आयतं कळायला नको, आणि रविवारी गाड्यांची रांगही नको. भरल्यावर पाणपसारा ४५ हेक्टरच्या आसपास. बांध पूर्वेला, ओढा पश्चिमेकडून येतो, सांडवा उत्तर टोकाला. गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर, म्हणजे २०२० साली जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), याच तालुक्यात आहे. बदकांना हे अंतर काहीच नाही. त्यामुळे इथला आकडा एकट्या या तलावाचा कधीच नसतो, हे धरूनच पुढचं सगळं.

४ ऑक्टोबर. पट्टी २.१० मी.

सांडव्यावरून बोटभर पाणी चालू. तलाव पूर्ण भरलेला.

पाणपट्टीबद्दल, म्हणजे पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीबद्दल आधी, कारण दर वर्षी नव्या माणसाला हा उद्योग कशासाठी ते सांगावं लागतं. पाणी सोडायच्या मोरीच्या बुरुजावरची जुनी पट्टी खालच्या अर्ध्यात पुसट झाली आहे. म्हणून मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असताना ३ मीटरचा ४० × ४० मिलिमीटरचा लोखंडी अँगल ७० सेंटीमीटर गाडून सिमेंटमध्ये बसवला. दर १० सेंटीमीटरला ऑइलपेंटचा लाल-पांढरा पट्टा, दर ५० ला आकडा. भरलेल्या पाण्यात हे काम होत नाही. अँगल ओळंब्यात राहत नाही आणि तळ किती मऊ आहे ते कळत नाही.

अँगलची २.०० ची खूण गवंड्याच्या लेव्हलपाइपने बांधाच्या दगडी पिचिंगवर (अस्तरावर) उतरवून तिथे छिन्नीने रेघ मारली आहे. म्हशी अँगलला अंग घासतात, मासेमारीच्या ट्यूब त्यालाच बांधतात. तो कलला तरी मूळ पातळी हरवायला नको. आज दोन्ही खुणा ताडून पाहिल्या, जुळल्या.

पट्टीचं कारण साधं आहे. पश्चिम टोकाला तळाचा उतार जवळजवळ शंभरास एक. पाणी १० सेंटीमीटर उतरलं की काठाला १० मीटर रुंद ओला चिखल उघडा पडतो. बांधाकडे तेवढ्याच उतरण्याने दगडाची एक ओळ दिसते, बस्स. म्हणजे बदकांच्या दृष्टीने तलाव पश्चिमेकडून ‘उघडतो’ किंवा ‘बंद होतो’, आणि हे बांधावर उभं राहून लक्षात येत नाही.

८ ऑक्टोबर. पट्टी २.०९.

पहिली पूर्ण फेरी, सकाळी साडेसहा ते पावणेनऊ. तीन ठिकाणं ठरली.

क : बांधाचा मध्य. सूर्य पाठीशी, तोंड पश्चिमेला. उंचीमुळे थव्याच्या मागच्या रांगाही दिसतात.
ख : सांडव्याजवळचा चौथरा. पाणकणसाच्या (उंच पाणवनस्पतीच्या) बेटामागचा कोपरा फक्त इथूनच दिसतो.
ग : दक्षिण काठावरच्या बाभळी. पश्चिमेच्या उथळ टोकासाठी.

ग साठी आधी उत्तर काठ घेतला होता, तो बदलला. या दिवसांत सूर्य आग्नेयेकडे सरकत जातो, उत्तर काठावरून नोव्हेंबरात थेट उन्हात बघावं लागतं आणि सगळी बदकं काळी दिसतात. दक्षिण काठावर ऊन पाठीमागून तिरपं येतं.

बांधावर माथ्यावरून चालायचं नाही. मागच्या उतारावरून चालायचं आणि ठिकाणापाशी फक्त डोकं वर काढायचं. आकाशासमोर उभा माणूस दिसला की हळदी-कुंकू बदकं सव्वाशे मीटरवरूनही उठतात, आणि ती उठली की बाकीचे थांबत नाहीत.

आज पाण्यावर सगळे घरचेच : हळदी-कुंकू, अडई, टिबुकल्या, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, पाणकणसाच्या कडेला कमळपक्षी. पाहुण्यांत भुवई बदकांचा एक छोटा थवा. ही आधी येतात. बाकीच्यांना अजून पाणी खोल आहे. चक्रांग वीतभर पाण्यात खातं, तलवार बदक शेपूट वर करून फूट-सव्वा फुटापर्यंत पोचतं, त्याखालचं अन्न या बदकांच्या हिशेबात नाहीच. भरलेला तलाव फोटोत सुंदर दिसतो, बदकांसाठी तो बंद खानावळ.

१२ ऑक्टोबर. पट्टी २.०८.

मोजणीचा सराव, घरात. काळा कागद पसरलेल्या परातीत हरभऱ्याचे दाणे टाकायचे, पाच सेकंद दाखवायचे, झाकायचे, अंदाज लिहायचा. दाणे ४१२ होते. अंदाज आले २५०, २७० आणि ३१०. पन्नासच्या आत सगळे बरोबर असतात. शंभराच्या पुढे नवखा माणूस जवळजवळ नेहमी कमीच सांगतो, आणि थवा मोठा तशी तूट वाढते.

उपाय ठोकळ्याचा. आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे आणि ते किती जागा घेतात ते डोळ्यात बसवायचं. मग त्या मापाने पन्नासचा ठोकळा, मग थव्यावर तो ठोकळा किती वेळा बसतो. चूक होते ती ठोकळा कुठला घेतला यात. थव्याची कड विरळ असते, मध्य दाट. कडेच्या दहांवरून माप घेतलं की मधले निम्मे गायब. म्हणून एक माप कडेला, एक मध्यात, दोन्ही वेगळे लावायचे.

अर्ध्या तासाच्या सरावानंतर त्याच परातीत ३८० आणि ३९५ आले. तिसरा हट्टाने ३०० वरच.

१६ ऑक्टोबर. पट्टी २.०५.

ओळखीची सगळ्यात मोठी अडचण आता सुरू. पुस्तकातली रंगीत बदकं ऑक्टोबरात इथे नसतात. विणीनंतर नर पिसं टाकतात आणि काही महिने मादीसारखे तपकिरी दिसतात. भुवई बदकाच्या नराची ती पांढरी भुवई तर फेब्रुवारीच्या आसपास नीट दिसायला लागते. थापट्याही नोव्हेंबरभर ठिगळं लावल्यासारखा असतो. ‘नर कमी, माद्या जास्त’ असा निष्कर्ष या दोन महिन्यांत कुणी लिहिला असेल तर तो खोडावा. नोंदवहीत नर-मादीचा रकाना डिसेंबरपर्यंत बंद.

लहान तपकिरी बदक दिसलं तर बघायचा क्रम :

आधी चेहरा. भुवई बदकाच्या चेहऱ्यावर पट्टे ठळक असतात : डोळ्यावर फिकट रेघ, डोळ्यातून गडद रेघ, गालावर आणखी एक गडद रेघ, आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. चक्रांगाचा चेहरा त्यामानाने पुसट.

मग चोच. भुवईची करडी, किंचित लांब. चक्रांगाच्या मादीच्या चोचीच्या मुळाशी बऱ्याचदा पिवळट-नारिंगी झाक.

मग शेपटीची बाजू. चक्रांगाला शेपटीच्या मुळाशी आडवी फिकट रेघ दिसते. पाठ करून झोपलेल्या पक्ष्यात कामाला येणारी ही एकच खूण.

शेवटी पंख. भुवई बदकाच्या नराचा पुढचा पंख निळसर राखाडी, साध्या तपकिरी वेषातही. पण पाण्यावर बसल्यावर तो झाकलेला असतो. पक्षी अंग झटकून उभा राहतो तो एक सेकंद, किंवा थवा उडताना. स्कोपमध्ये (तिपाईवरच्या दुर्बिणीत) एकाच पक्ष्यावर दोन-तीन मिनिटं थांबायची तयारी हवी. घाईत दहा पक्षी बघण्यापेक्षा हे बरं.

मोठ्या तपकिरींमध्ये : गडवालच्या पंखावर बाजूने पांढरा चौकोन डोकावतो. तलवार बदकाच्या मादीची मान लांब, डोकं साधं, चोच करडी. थापट्या चोचीवरून ओळखतोच, पण तो झोपला की चोच पाठीच्या पिसांत. अशा वेळी जागा होण्याची वाट बघायची, कारण चरताना तो चोच पाण्यात बुडवून गोल गोल फिरतो, ते दुरूनही लपत नाही. हळदी-कुंकू मात्र झोपेतही कळतं, मागच्या बाजूला पंखाचा पांढरा डाग असतो.

जे ओळखलं नाही त्याला ‘अनोळखी लहान बदक’ आणि ‘अनोळखी मोठं बदक’ असे दोन रकाने केले. आज एकूण बदकांपैकी पाचवा हिस्सा तिथे गेला. हे लाजायचं काम नाही. सगळ्यांना नाव देणाऱ्या वहीवर जास्त संशय घ्यावा.

१९ ऑक्टोबर. पट्टी २.०२.

ऑक्टोबर हीट. साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि स्कोपमधलं चित्र उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं होतं. नवीन माणूस अशा वेळी झूम वाढवतो, तेच चुकतं. ६० पटीवर थरथरही तितकीच मोठी होते. २० ते ३० पटीवर राहायचं, आणि पाण्याच्या पातळीत बसून बघायचं नाही. नजर जितकी पाण्याला लागून, तितकी तापलेल्या हवेची वाट लांब. आज ग वरून न ओळखलेला थवा बांधावरून, म्हणजे दुप्पट अंतरावरून, जास्त स्पष्ट दिसला.

तिपाईचा मधला दांडा वर काढायचा नाही, वाऱ्यात तोच हलतो. पिशवीत दगड घालून मधल्या आकड्याला लटकवायची, ती जेमतेम जमिनीला टेकेल अशी.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन. फेरी नाही.

२३ ऑक्टोबर. पट्टी २.००.

गेल्या दोन रात्री फटाके. तलावावर बदकं जवळजवळ नाहीत, वारकरी पाणकणसात शिरलेले. फेरी तरीही पूर्ण केली आणि ‘आदल्या रात्री फटाके’ असं शेरा रकान्यात लिहिलं. शून्यही लिहायचं : थापट्या ०, तलवार ०. रकाना रिकामा सोडला तर तीन वर्षांनी कुणालाच कळत नाही की पक्षी नव्हते की बघितलेच नव्हते.

२९ ऑक्टोबर. पट्टी २.१०, सांडवा चालू.

अवकाळी पाऊस. उघडा पडू लागलेला पश्चिमेचा दहा मीटरचा चिखल पुन्हा पाण्याखाली. तिथे आठवड्यापूर्वी चरणारे शेकाट्ये आणि भुवई बदकं गेली. पट्टी नसती तर या आठवड्याची नोंद ‘पक्षी घटले’ एवढीच राहिली असती.

दलदली भोवत्या (शिकारी पक्षी) पाणकणसावरून तीनदा फिरला, तिन्ही वेळा सगळा थवा उठून फिरून बसला. अशा वेळी मोजणी तिथेच थांबवायची, थवा बसल्यावर त्या पट्ट्याची पहिल्यापासून. अर्धी आधीची, अर्धी नंतरची असं जोडकाम करायचं नाही.

५ नोव्हेंबर. पट्टी २.०६.

थंडी पडली, सकाळी पाण्यावर धूर. सव्वासातपर्यंत मोजणी अशक्य, तोवर कान वापरले. अडईची शिट्टी, चक्रवाकाचा नाकातला आवाज. चक्रवाकाची जोडी या हंगामात पहिल्यांदाच, ती बांधावरून दिसण्याआधी ऐकू आली.

पाण्याचे पट्टे काठावरच्या खुणांनी पाडले : बाभूळ ते विजेचा खांब, खांब ते पंपाची खोली, तिथून पाणकणसाचं बेट. प्रत्येक पट्टा डावीकडून उजवीकडे, एका झाडणीत (स्कोप एकदा फिरवताना) एकच जात. मोजणीचे दोन क्लिकर, डाव्या हातात वारकरी, उजव्यात त्या झाडणीची जात. कमी संख्येच्या जाती आधी, वारकरी शेवटी. उलटं केलं की वारकऱ्यांनी डोळे थकतात आणि चार तरंग बदकं नजरेतून निसटतात.

वारकऱ्यांचा मोठा थवा दोघांनी वेगवेगळा मोजला : ३४० आणि ३९०. त्याच मिनिटाचे फोटो घरी मोठे करून एकेका पक्ष्यावर ठिपका ठेवला, ४६३ झाले. पुन्हा तोच दाट मध्य. फोटो काढताना प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमवर एक तृतीयांश चढलेली हवी. मोबाइलचा पॅनोरमा वापरायचा नाही, पक्षी सरकतात आणि जोडावर एकच पक्षी दोनदा येतो किंवा अर्धा कापला जातो.

त्याच थव्यात गडवाल घुसलेले. वारकरी बुडी मारून पाणगवत वर आणतो, गडवाल ते त्याच्या चोचीतून ओढतं. तरंगही हेच करतं. म्हणून वारकऱ्यांचा थवा ‘नुसते वारकरी’ समजून सोडू नये. बुडी मारता न येणाऱ्यांचं खोल पाण्यावरचं जेवण तिथेच चालू असतं.

१२ नोव्हेंबर. पट्टी १.९८.

रब्बीचं पहिलं आवर्तन (सिंचनासाठी सोडलेलं पाणी) १० तारखेला सुटलं. आता पाणी रोज उतरणार. फेऱ्या आठवड्यातून एकऐवजी दोन.

पाणकणसाजवळ सोडून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात एक वारकरी अडकलेला. जाळं ओढायचं नाही, पंखाचा सांधा निखळतो. डोक्यावर कापड टाकायचं, पंख अंगाशी धरायचे, पक्ष्याच्या दोन्ही बाजूंनी जाळं कापून आधी पक्षी मोकळा करायचा, मग अंगावरचे धागे बोथट टोकाच्या कात्रीने. वारकऱ्याच्या नखांनी चांगलं ओरबाडतं, हातमोजे हवेत. पंख बरोबर हलवत होता, पाणकणसाच्या कडेला सोडला. जखमी असता तर वन विभागाला कळवायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरी नेऊन सांभाळता येत नाही. साधारण १५ मीटर जाळं गोळा करून आणलं.

मेलेल्या पक्ष्यांचा नियम वेगळा, तो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे. हात लावायचा नाही. जागा, जात, संख्या, फोटो, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना आणि वन विभाग दोघांनाही फोन. बर्ड फ्लूच्या शंकेचे नमुने सरकारी यंत्रणेमार्फत भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात, ते आपलं काम नाही. तिथून घरच्या कोंबड्यांच्या खुराड्यात जायचं नाही, आधी बूट धुवायचे.

१९ नोव्हेंबर. पट्टी १.७१.

हंगामाचा खरा दिवस आज. २९ ऑक्टोबरपासून ३९ सेंटीमीटर उतरलं, म्हणजे पश्चिमेला जवळपास ४० मीटर रुंद चिखल आणि त्यापुढे वीत-दोन वीत पाण्याचा तितकाच पट्टा. थापट्ये, तलवार, चक्रांग सगळे त्याच पट्ट्यात. मधल्या खोल पाण्यात वारकरी सोडून कुणी नाही. क वरून फक्त पाठी दिसतात, त्यामुळे आज ग हेच मुख्य ठिकाण झालं.

इथे मोजणीतली जुनी चूक पुन्हा झाली. ग ची फेरी चालू असताना ट्यूबवर बसून एक जण जाळी बघायला निघाला. पश्चिमेचा थवा उठून बांधाकडे गेला, आणि क वर थांबलेल्या जोडीदाराने तो ‘नवीन आलेला’ म्हणून मोजला. यापुढे तिन्ही ठिकाणी एकाच वेळी माणूस नसेल तर थवा उठल्याची वेळ, दिशा आणि अंदाजे संख्या फोनवर लगेच कळवायची. मासेमारी करणाऱ्यांशी बोलून ठरलं : ते जाळी सकाळी आठनंतर बघतील, किंवा त्याआधी बघायची असली तर आदल्या दिवशी सांगतील. त्यांच्या कामाच्या जागेत आपण पाहुणे आहोत, दोन तास मागून घ्यावे लागतात.

ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) क, ख, ग च्या याद्या वेगळ्या टाकायच्या, वेळेसह. तिन्हींची एक यादी केली तर कुठला भाग दिसत नव्हता ते पुसलं जातं. संख्येच्या जागी ‘एक्स’ (दिसले, मोजले नाहीत) टाकायचा नाही, ठोकळ्याने आलेला आकडा टाकून शेऱ्यात ‘अंदाज’ लिहायचं.

२६ नोव्हेंबर. पट्टी १.४२.

उघड्या पडलेल्या चिखलाच्या वरच्या भागात गाळपेर सुरू, हरभरा टोकला. माणसांची ये-जा दिवसभर. बदकं पाण्याच्या कडेपासून आत सरकली.

मधल्या पाण्यात छोट्या लालसऱ्या आणि सहा शेंडी बदकं. ही बुडी मारणारी. एका झाडणीत मोजली तर तिसरा हिस्सा पाण्याखाली असतो. लहान थव्यावर स्कोप स्थिर ठेवून दोन मिनिटांत पाच वेळा मोजायचं आणि सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा, सरासरी नाही. शेंडी बदकांचे आकडे आले ३, ५, ४, ६, ४. टिबुकलीलाही हेच.

पट्टकदंब संध्याकाळी साडेपाचनंतर दिसले, ओळीने आले आणि उथळ पाण्यात उतरले. सकाळच्या फेरीत ते एकदाही मिळालेले नाहीत, शेतात चरायला गेलेले असतात. यांच्यासाठी संध्याकाळची वेगळी अर्ध्या तासाची नोंद. मंगोलियात पट्टकदंबांना लावलेल्या गळपट्ट्या (मानेतल्या ओळखपट्ट्या) भारतात वाचल्या गेल्या आहेत, म्हणून प्रत्येकाची मान बघायची : पट्टीचा रंग, अक्षरं, अक्षरांचा रंग. अर्धवट वाचलेली पट्टीही अर्धवट म्हणून लिहायची, तर्काने पूर्ण करायची नाही. आज एकाही मानेवर पट्टी नव्हती.

३० नोव्हेंबर. पट्टी १.३८.

आवर्तन काल बंद झालं. अँगल उत्तरेकडे दोन बोटं कललेला, पिचिंगवरच्या रेघेशी ताडल्यावर वाचन १ सेंटीमीटर जास्त येतंय. १९ तारखेनंतरच्या वाचनांपुढे तशी खूण केली, आकडे बदलले नाहीत.

आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत. तोवर राहिलेली कामं : ग च्या बाभळींपुढे तुऱ्हाट्यांचा आडोसा, कारण गाळपेरीमुळे तिथली झुडपं कापली गेली. तिसरा क्लिकर. पाणकणसाच्या बेटामागे ख वरूनही न दिसणारा कोपऱ्याचा भाग नकाशावर रंगवून त्याचं क्षेत्र काढणं. आणि परात, हरभरे. तिसऱ्याचा अंदाज अजून ३०० वरच आहे.